एडब्ल्यूएसवर नवीन खातं उघडलंय? सर्व्हर चालू करण्याआधी रूट लॉगिनला कुलूप लावा

कॉलेजचा प्रोजेक्ट असो, स्वतःची वेबसाइट असो की क्लाउडचं सर्टिफिकेशन, कधी ना कधी आपण ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस, म्हणजेच एडब्ल्यूएसवर खातं उघडतो. ईमेल टाकला, पासवर्ड टाकला, कार्ड तपासण्यासाठी २ रुपये कापले गेले, की झालं खातं तयार. मग यूट्यूबवरचा व्हिडिओ लावून लगेच पहिला सर्व्हर चालू करायची घाई होते.

त्या घाईत एक काम राहून जातं. ज्या ईमेल-पासवर्डने आपण खातं उघडलं, तेच या खात्याचं सर्वात ताकदवान लॉगिन असतं. ते सुरक्षित करायला साधारण अर्धा तास लागतो, एक रुपयाही लागत नाही. आज हेच काम आपण पायरी-पायरीने करू. मी नवीन खातं उघडतो तेव्हा याच क्रमाने जातो.

रूट युजर म्हणजे नेमकं काय?

एडब्ल्यूएसमध्ये प्रत्येक खात्याला १२ आकडी नंबर असतो आणि त्या खात्याचा एक मालक असतो. त्याला रूट युजर म्हणतात. बाकीच्या युजरना काय करता येईल आणि काय नाही, हे परवानग्या देऊन ठरवता येतं. एकट्या-दुकट्या खात्यातल्या रूटला मात्र अशी परवानगीची वेसण घालता येत नाही. तो काहीही चालू करू शकतो, काहीही पुसू शकतो, कार्ड बदलू शकतो, ईमेल बदलू शकतो आणि अख्खं खातंही बंद करू शकतो.

घराच्या खरेदीखतासारखं समजा. घर आपलं आहे हे त्या कागदावरून ठरतं, पण भाजी आणायला जाताना तो कागद कोणी पिशवीत घालून नेत नाही. तो कपाटात कुलपात राहतो, आणि रोजच्या ये-जा करण्यासाठी आपण दाराची किल्ली वापरतो. रूट लॉगिन हे खरेदीखत आहे. किल्ली आपण पुढे वेगळी बनवणार आहोत.

एवढी काळजी कशासाठी?

२०१४ साली घडलेली गोष्ट सांगतो. कोड स्पेसेस नावाची एक कंपनी होती. प्रोग्रामर लोकांचा सोर्स कोड सांभाळून ठेवणं हा तिचा धंदा, आणि सगळा कारभार एडब्ल्यूएसवर. जून महिन्यात तिच्यावर हल्ला झाला. हल्लेखोराने कंपनीच्या क्लाउड कंट्रोल पॅनलचा ताबा मिळवला आणि पैसे मागितले. कंपनीने पासवर्ड बदलून ताबा परत घ्यायचा प्रयत्न केला, पण हल्लेखोराने आधीच आपल्यासाठी जादा लॉगिन तयार करून ठेवली होती. आपल्याला बाहेर काढतायत हे दिसताच त्याने डेटा पुसायला सुरुवात केली. सुमारे १२ तासांत बहुतेक डेटा आणि बॅकअप गेले. बॅकअपसुद्धा त्याच पॅनलमधून हाताळता येत होते ना! कंपनीला धंदाच बंद करावा लागला.

तुम्ही म्हणाल, "आमच्या प्रोजेक्टमध्ये चोरण्यासारखं आहे काय?" डेटा नसेल, पण तुमच्या खात्याला कार्ड जोडलेलं आहे, आणि चोराला तेवढं पुरतं. दुसऱ्याचं क्लाउड खातं हातात आलं की बहुतेक वेळा त्यावर क्रिप्टो मायनिंग चालू केलं जातं. महागडे सर्व्हर, तेही तुम्ही कधी उघडूनही न पाहिलेल्या रीजनमध्ये. तुम्ही मुंबई रीजन उघडून बघत बसता, आणि मीटर पळत असतो साओ पावलोला. कमाई त्याची, बिल तुमचं. आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या खात्याला जोडलेलं कार्ड बाबांचं किंवा दादाचं असतं, हे विसरू नका.

पायरी १: ईमेल आणि फोन नंबर नीट निवडा

रूट लॉगिनचा पाया म्हणजे तो ईमेल. पासवर्ड विसरलात तर रीसेटची लिंक तिथेच येते. म्हणजे ज्याच्या हातात तुमचं जीमेल, त्याच्या हातात अर्धं रूट. म्हणून आधी जीमेललाच टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, मगच पुढे या.

कॉलेजचा ईमेल रूटसाठी वापरू नका. पास झाल्यावर कॉलेज तो कधी बंद करेल याचा नेम नाही, आणि मग रीसेटची लिंक जाईल कुठे? हाच नियम कंपनीच्या ईमेललाही लागू. वैयक्तिक खातं वैयक्तिक ईमेलवरच हवं. चार जणांचा ग्रुप प्रोजेक्ट असेल तर त्यासाठी वेगळा ईमेल काढा आणि तो कोणाच्या ताब्यात राहील हे आधीच ठरवा.

फोन नंबरचंही तसंच. एमएफएचं साधन हरवलं तर खात्यात नोंदवलेला ईमेल आणि फोन, या दोन्हींवरून तुमची ओळख तपासली जाते. रिचार्ज न करता पडून राहिलेला नंबर काही महिन्यांनी बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो. तेव्हा चालू असलेला, आपल्याच नावावरचा नंबर द्या.

पायरी २: पासवर्ड लांब ठेवा, आणि फक्त इथलाच ठेवा

रूटचा पासवर्ड ८ ते १२८ अक्षरांचा चालतो. ८ वर थांबू नका. पासवर्ड मॅनेजरला २० पेक्षा जास्त अक्षरांचा बनवायला सांगा. हा रोज टाईप करायचा नाहीये, त्यामुळे लक्षात राहण्याजोगा असलाच पाहिजे असं काही नाही.

इन्स्टाग्रामला वापरता तोच पासवर्ड इथे चालणार नाही. एखाद्या साइटवरून ईमेल-पासवर्डच्या जोड्या फुटल्या की त्या आपोआप शेकडो साइटवर लावून बघितल्या जातात. तुमचा पासवर्ड कितीही अवघड असू दे, दोन ठिकाणी वापरलात की तो कमकुवत झाला.

कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवलात तरी माझी हरकत नाही. नाशिकच्या कपाटातला कागद रशियात बसलेल्या बॉटला वाचता येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र टाकू नका. तिथे तो सगळ्यांच्या फोनमध्ये, बॅकअपमध्ये आणि स्क्रीनशॉटमध्ये कायमचा राहतो.

पायरी ३: एमएफए लावा

एमएफए म्हणजे पासवर्डनंतरचं दुसरं कुलूप. लॉगिन करा, वर उजव्या कोपऱ्यात आपल्या नावावर क्लिक करा, 'सिक्युरिटी क्रेडेन्शियल्स' उघडा आणि 'असाइन एमएफए डिव्हाइस' निवडा. तिथे तीन पर्याय दिसतील.

पहिला, पासकी किंवा सिक्युरिटी की. फोनचं फिंगरप्रिंट, फेस अनलॉक किंवा यूएसबीसारखी छोटी चावी वापरून लॉगिन होतं. याचा मोठा फायदा असा की पासकी खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. हुबेहूब दिसणारं बनावट पान तुम्हाला फसवेल, पण पासकीला फसवू शकणार नाही. जमत असेल तर हाच पर्याय घ्या.

दुसरा, ऑथेंटिकेटर ॲप. गूगल ऑथेंटिकेटरसारखं ॲप दर ३० सेकंदांनी नवा ६ आकडी कोड दाखवतं. सेट करताना एक क्यूआर कोड दिसतो. त्यात एक गुप्त चावी असते, ती तुमच्या फोनमध्ये आणि त्यांच्या सर्व्हरवर अशी दोन्हीकडे राहते. ती चावी आणि आत्ताची वेळ यांच्या गणितातून दोन्हीकडे सारखाच कोड निघतो. म्हणूनच नेटवर्क नसताना, अगदी विमान मोडमध्येही कोड येतो. आणि म्हणूनच फोनचं घड्याळ चुकलं की कोडही चुकतो. तारीख आणि वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवा.

स्कॅन झाल्यावर लागोपाठचे दोन कोड मागितले जातात. पहिला टाका, तो बदलेपर्यंत थांबा, मग दुसरा टाका. एकच कोड दोनदा टाकला तर पुढे जाऊ देत नाही. बरेच जण इथेच अडतात.

सगळं फोनवरच करताय? मग ज्या स्क्रीनवर क्यूआर आहे त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? त्यासाठी 'शो सिक्रेट की'वर टॅप करा, तो मजकूर कॉपी करून ॲपमध्ये हाताने टाका. क्यूआरचा किंवा त्या चावीचा स्क्रीनशॉट गॅलरीत ठेवू नका, कारण तो ज्याला मिळेल त्याच्याकडे तुमचेच कोड तयार होतील.

तिसरा पर्याय म्हणजे कोड दाखवणारं वेगळं हार्डवेअर टोकन. विद्यार्थ्याला त्याची गरज नाही.

बँकेसारखा एसएमएस ओटीपी इथे मिळत नाही, आणि ते बरंच आहे. खोटी कागदपत्रं देऊन कोणी तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं, तर एसएमएस त्याच्याकडे जातात.

एमएफए आता ऐच्छिकही राहिलेलं नाही. २०२४ पासून एडब्ल्यूएसने रूट युजरसाठी ते टप्प्याटप्प्याने सक्तीचं केलं. नव्या खात्याला ३५ दिवसांची मुदत मिळते, पण तेवढे दिवस वाट बघायची कशाला? पहिल्याच दिवशी लावून टाका.

पायरी ४: फोन हरवला तर? आधीच विचार करा

आपल्या पिढीचं सगळं एकाच फोनमध्ये असतं. जीमेल त्यात, ऑथेंटिकेटर त्यात, सेव्ह केलेला पासवर्ड त्यात आणि सिमही त्यातच. संध्याकाळच्या गर्दीत लोकलमध्ये चढताना तो खिशातून गेला, तर दोन संकटं एकदम येतात. चोराला फोन उघडता आला तर सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे, आणि उघडता आला नाही तरी तुमच्याकडे एकही नाही.

उपाय सोपा आहे. रूटला जास्तीत जास्त ८ एमएफए साधनं जोडता येतात. कमीत कमी दोन जोडा, एक फोनवर आणि दुसरं फोनच्या बाहेर. लॅपटॉपवरची पासकी चालेल, घरातला जुना फोन चालेल, सिक्युरिटी की घेतली तर उत्तमच. माझा सल्ला असा की दुसरं साधन बॅगेत घेऊन फिरू नका, घरीच ठेवा. फोन आणि बॅग बऱ्याचदा एकत्रच जातात.

फोनला ४ आकडी पिन असेल तर तो वाढवा, आणि जन्मसाल तर अजिबात ठेवू नका. फोन गेलाच, तर आधी सिम बंद करून घ्या, दुसऱ्या साधनाने रूटमध्ये शिरून हरवलेलं साधन यादीतून काढा, पोलिसात तक्रार द्या आणि संचार साथी पोर्टलवरून हँडसेट ब्लॉक करा.

पायरी ५: रूटची ॲक्सेस की बनवू नका

ॲक्सेस की म्हणजे प्रोग्रामसाठीचा युजरनेम-पासवर्ड. तुमचा कोड या कीच्या जोरावर एडब्ल्यूएसशी बोलतो. रूटची की बनवता येते, पण बनवायची नाही. 'सिक्युरिटी क्रेडेन्शियल्स'च्याच पानावर खाली 'ॲक्सेस कीज' असा भाग आहे. तो रिकामा दिसला पाहिजे. एखादा व्हिडिओ बघून बनवली असेल, तर आधी निष्क्रिय करा, काही बंद पडत नाही ना ते बघा, आणि मग डिलीट करा.

कारण असं की की कोडमध्ये लिहिली जाते, आणि कोड गिटहबवर जातो. गिटहबवर नव्याने टाकलेल्या कोडमध्ये अशा की शोधणारे बॉट रात्रंदिवस फिरत असतात. "रेपॉझिटरी प्रायव्हेट आहे" यावरही विसंबू नका. २०१६ मध्ये उबरच्या बाबतीत हल्लेखोर कंपनीच्या खासगी गिटहब रेपॉझिटरीत शिरले, तिथे त्यांना एडब्ल्यूएसची की सापडली, आणि जगभरातल्या सुमारे ५.७ कोटी लोकांची माहिती बाहेर गेली.

पायरी ६: रोजच्यासाठी वेगळा युजर बनवा

आता दाराची किल्ली. सर्च बॉक्समध्ये आयएएम शोधा, 'युजर्स'मध्ये जा, 'क्रिएट युजर' करा. नाव द्या, कन्सोल वापरण्याची परवानगी द्या आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर ॲक्सेस' नावाची पॉलिसी जोडा. शेवटी एक साइन-इन लिंक मिळेल, ती बुकमार्क करा. इथून पुढे रोजचं लॉगिन याच लिंकने.

मोठ्या टीमसाठी एडब्ल्यूएस आयएएम आयडेंटिटी सेंटर वापरायला सांगतं, आणि नोकरीत तुम्हाला तेच दिसेल. एकट्याने शिकताना आयएएम युजरही चालतो, फक्त त्यालाही एमएफए लावा. हा ॲडमिन युजरसुद्धा सगळे सर्व्हर पुसू शकतो, त्यामुळे त्याला हलक्यात घेऊ नका. फरक एवढाच की त्याच्याबाबत काही गडबड झाली तर रूटने जाऊन त्याला बाहेर काढता येतं. रूटच गेला तर त्याच्यावर कोणी नाही.

ग्रुप प्रोजेक्ट असेल तर प्रत्येकाला स्वतंत्र युजर द्या, आणि ज्याला जेवढं काम तेवढीच परवानगी. प्रोजेक्ट संपला की युजर डिलीट करा. एकच पासवर्ड चौघांनी वापरला, तर सर्व्हर कोणी डिलीट केला यावरून भांडण नक्की, आणि पुरावा शून्य.

रूटमधून बाहेर पडण्याआधी एक काम उरकून घ्या. 'अकाउंट' पानावर आयएएम युजरना बिलिंग बघू देण्याची एक सेटिंग असते. ती रूटलाच चालू करता येते. ती चालू केली नाही, तर फक्त बिल बघायला तुम्हाला पुन्हा-पुन्हा रूटने यावं लागेल.

पायरी ७: बिलाला घंटी बांधा

'बिलिंग अँड कॉस्ट मॅनेजमेंट'मध्ये 'बजेट्स' उघडा. तिथे 'झिरो स्पेंड बजेट' नावाचा तयार नमुना मिळतो. फुकटाच्या मर्यादेबाहेर खर्च होऊ लागला की ईमेल येतो.

दोन गोष्टी समजून घ्या. पहिली, ही घंटी आहे, ब्रेक नाही. ईमेल येईल, पण सर्व्हर आपोआप थांबणार नाहीत. दुसरी, खर्चाची माहिती दिवसातून साधारण तीनदाच ताजी होते, म्हणून इशारा काही तास उशिरा येऊ शकतो. तरीही महिन्याच्या शेवटी बिल बघून हादरण्यापेक्षा काही तासांत कळलेलं कधीही बरं.

मग रूट वापरायचा कधी?

फार क्वचित. रूटचा ईमेल बदलायचा असेल, खातं कायमचं बंद करायचं असेल, किंवा एकुलत्या एक ॲडमिनने चुकून स्वतःचीच परवानगी काढून टाकली असेल, अशा मोजक्या कामांसाठी. मी वर्षातून एक-दोनदा रूटने लॉगिन करतो, तेही ईमेल, फोन आणि एमएफए अजून चालू आहेत ना हे तपासायला.

लॉगिन करताना सर्चमधल्या जाहिरातीवर क्लिक करू नका. पत्ता बघा. साइन-इनच्या पानाचं डोमेन 'एडब्ल्यूएस डॉट ॲमेझॉन डॉट कॉम' यावरच संपतं. मागे आणखी काही चिकटलेलं दिसलं तर तिथूनच परत फिरा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: फ्री प्लॅन आहे, मग मला काय धोका?
१५ जुलै २०२५ पासून नव्या खात्यांना फ्री आणि पेड असे दोन प्लॅन मिळतात. फ्री प्लॅन ६ महिने किंवा क्रेडिट संपेपर्यंत, जे आधी होईल तोवर चालतो. पण रूट हातात आलेला माणूस खातं पेड प्लॅनवर नेऊ शकतो. म्हणजे प्लॅन फ्री असला तरी कुलूप हवंच.

प्रश्न: कोणीतरी शिरलंय असा संशय आहे. आधी काय करू?
रूटचा पासवर्ड बदला. एमएफएच्या यादीत अनोळखी साधन असेल तर काढा. सगळ्या ॲक्सेस की बंद करा, ओळखीचे नसलेले युजर डिलीट करा. कोड स्पेसेसचं उदाहरण आठवा, नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. मग एक-एक रीजन उघडून अनोळखी सर्व्हर शोधून बंद करा. 'क्लाउडट्रेल'च्या इव्हेंट हिस्ट्रीत मागच्या ९० दिवसांच्या हालचाली फुकट दिसतात. लगेच सपोर्टकडे केस उघडा. खातं आणि बिलिंगच्या तक्रारींना फ्री सपोर्टमध्येही उत्तर मिळतं. कार्डवरून पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

प्रश्न: शिकून झालं, आता खातं लागत नाही. तसंच सोडून देऊ?
नको. विसरलेल्या खात्याकडे कोणी बघत नाही, आणि चोराला अशीच जागा आवडते. आधी सगळे सर्व्हर आणि स्टोरेज काढून टाका, बिल शून्य आहे ना ते बघा, आणि मग रूटने जाऊन खातं रीतसर बंद करा.

शेवटची तपासणी

लॅपटॉप मिटण्याआधी एवढं बघा: रूटचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नाही, एमएफएची दोन साधनं जोडलेली आहेत, त्यातलं एक घरी आहे, रूटची ॲक्सेस की नाही, रोजचा युजर वेगळा आहे आणि त्यालाही एमएफए आहे, बजेटची घंटी बांधलेली आहे. सगळं जागेवर असेल तर रूटमधून साइन आउट करा, नव्या युजरने आत या आणि मग खुशाल पहिला सर्व्हर चालू करा.